डोळ्यातला धुरा

वावराला वावर लागून असलं की धुऱ्याचं भांडण कधी ना कधी निघतंच. शेजारी काही एका रात्रीत धुरा मोडत नाही. दरवर्षी वखर घालताना जोडी जराशी आत वळवतो, चार बोटं माती आपल्याकडे ओढतो, आणि पंधरा वर्षांनी मोजणी आली की समजतं, सोयाबीनची दोन तासं शेजारच्या वावरात गेली. तोवर त्याच धुऱ्यावरून आपण रोज ये-जा करत असतो. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या अनसिंगच्या शिवारात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून काचबिंदू म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी धुऱ्यापासूनच सुरुवात करतो.

मी डॉक्टर नाही. माझे मामा अनसिंगला राहतात, त्यांना काचबिंदू आहे, आणि त्यांना तपासणीला नेण्या-आणण्याचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. डॉक्टरांच्या खोलीत मामांच्या शेजारच्या स्टुलावर बसून, विचारून, एकदोनदा चुकून आणि मग वाचून जे कळलं ते इथे लिहितो आहे. ज्यांच्या घरात कुणी चाळिशी ओलांडली आहे त्यांनी वाचावं. म्हणजे तसं पाहिलं तर सगळ्यांनीच.

डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर पडदा असतो. पडद्यावर उमटलेलं चित्र मेंदूपर्यंत नेणारे दहा-बारा लाख तंतू एका ठिकाणी गोळा होतात आणि सुंभासारखे एकत्र वळून डोळ्याबाहेर पडतात. ते ठिकाण म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी, दीड-पावणेदोन मिलिमीटरची चकती. तिच्या मधोमध खोलगट वाटी असते आणि वाटीभोवती तंतूंची गुलाबी-नारिंगी कड. ही कड म्हणजे आपला धुरा. काचबिंदूत तंतू मरत जातात, कड झिजते आणि वाटी पसरत जाते. वावराचा धुरा मोजणी आणून, कोर्टात जाऊन एखादवेळ परत मिळतो. मेलेला तंतू परत येत नाही. औषधाने, लेझरने किंवा शस्त्रक्रियेने पुढची झीज थांबवता येते किंवा मंद करता येते, एवढंच. गेलेली नजर कुणी परत आणून देतो म्हणाला, तर त्याच्या दारातूनच मागे फिरा.

‘मले त सारं बरोबर दिसते, डोळ्याचा फोटो कायले काढू?’ पहिल्यांदा नेलं तेव्हा मामा एसटीच्या पायरीवर उभं राहून म्हणाले होते. त्यांचं खोटं नव्हतं. तक्त्यावरच्या शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत त्यांनी धडाधड वाचून दाखवलं. काचबिंदू सुरुवातीला बाजूची नजर खातो, मधली शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. एका डोळ्याला जिथे दिसत नाही तिथे दुसरा डोळा भरून काढतो, आणि उरलेलं मेंदू स्वतःच्या अंदाजाने रंगवून टाकतो. काळा डाग वगैरे काही दिसत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त तंतू गेले तरी नजरेचा नकाशा काढणाऱ्या तपासणीत सगळं ठीक येऊ शकतं. मामांच्या बाबतीत खूण होती, पण ती आम्हाला ओळखता आली नाही: गोठ्याच्या बुटक्या चौकटीवर त्यांचं कपाळ वर्षभरात तीनदा आपटलं होतं. चकतीची कड बहुधा खालच्या बाजूने आधी झिजते, आणि डोळ्यात चित्र उलटं पडत असल्यामुळे खालची कड गेली की वरचं दिसणं कमी होतं. आम्ही म्हटलं, वय झालं, लक्ष राहत नाही.

आणखी एक घोळ शब्दाचा आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू, दोघांच्या मागे बिंदू. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून लोकांना पुन्हा दिसायला लागतं हे गावाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे काचबिंदूही ‘पिकला की काढू’ असं म्हणणारे भेटतात. काचबिंदू पिकत नाही आणि काढताही येत नाही. उलट मोतीबिंदूच फार पिकू दिला, तर फुगलेल्या भिंगामुळे डोळ्यात दाब चढून त्यावर काचबिंदूची भर पडते. पिकू देण्याची पद्धत जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली आहे. आता तिची गरज उरलेली नाही.

चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना काचबिंदू असावा, असा एक अंदाज २०१० साली मांडला गेला. तामिळनाडूतल्या खेड्यांत अरविंद नेत्र रुग्णालयाने केलेल्या पाहणीत ज्यांना काचबिंदू निघाला, त्यांतल्या ९३ टक्के लोकांना तो आधी माहीतच नव्हता. हे वाचलं तेव्हा मामांची चौकट आठवली.

मग डोळ्याचा दाब मोजला की भागत नाही का? हा प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारला होता. हवेची फुंकर मारून दाब मोजणारं यंत्र आता चष्म्याच्या दुकानातही असतं. १० ते २१ हा आकडा सर्वसाधारण धरतात. २१ च्या आत आला की दुकानदार म्हणतो, काळजी नाही. यात दोन फसगती आहेत. दाब दिवसभरात वरखाली होतो, त्यामुळे एका दुपारची चिठ्ठी साऱ्या वर्षाची साक्ष देऊ शकत नाही. दुसरी फसगत आपल्या विदर्भाच्या मातीतली आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे प्रा. योस्ट योनास यांनी २००६ पासून नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये एक मोठी पाहणी केली. तिशीच्या पुढचे ४,७११ गावकरी तपासले, डोळ्यांचे फोटो काढले, मापं घेतली. आपल्या भागातल्या माणसांच्या बुबुळावरचा पारदर्शक पापुद्रा त्यांना सरासरी ५१४ मायक्रॉन जाडीचा आढळला. पाश्चात्त्य देशांत हीच जाडी साधारण ५४० ते ५५० भरते. पापुद्रा पातळ असला की दाबाचं यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. म्हणजे अनसिंगच्या माणसाचा १८ हा युरोपातल्या माणसाच्या १८ इतका निर्धास्त असेलच असं नाही. त्यात दाब कधीच न चढता होणारा काचबिंदूही असतो, आणि तो दुर्मिळ नाही. आकड्यावर विसंबण्यापेक्षा धुरा पाहिलेला बरा.

धुरा पाहण्याचं साधन जुनं आहे. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत डोकावण्याचं उपकरण जाहीर केलं. पण तेव्हापासून जे दिसायचं ते डॉक्टरलाच दिसायचं. तो कागदावर गोल काढून आत दुसरा गोल काढायचा, शेजारी ०.५ किंवा ०.६ लिहायचा. पुढच्या वर्षी दुसरा डॉक्टर आला की त्याचा गोल वेगळा. गावातल्या म्हाताऱ्याने ‘इथून तिथवर आमचं’ म्हणत केलेली मोजणीच ती. डिजिटल फोटोने हा वाद मिटवला नाही, पण कागदपत्र तरी हाती दिलं. आज काढलेला फोटो पाच वर्षांनी कुणीही, कुठल्याही गावचा डॉक्टर पाहू शकतो आणि नव्या फोटोशेजारी ठेवू शकतो. माझ्या मते त्याची खरी किंमत पहिल्या दिवशी नसते, ती दुसऱ्या फोटोच्या दिवशी कळते.

फोटो काढताना होतं काय ते आधी सांगतो, कारण म्हातारी माणसं यंत्र पाहून बिचकतात. खोलीत अंधार करतात. हनुवटी एका खाचेत, कपाळ पट्टीला टेकवायचं, समोरच्या लुकलुकत्या हिरव्या दिव्याकडे पाहायचं. डोळ्याला काहीही लागत नाही. क्षणभर लख्ख उजेड पडतो आणि नंतर थोडा वेळ समोर गुलाबी-हिरवा ठिपका तरंगतो, तो आपोआप जातो. ही क्ष-किरण तपासणी नाही. साध्या उजेडाचा फोटो आहे, दहादा काढला तरी अपाय नाही. शिबिरात हातात धरायचा, मोबाईलला जोडलेला कॅमेरा असतो, त्यातही पद्धत हीच. पापणी मिटली तर फोटोत वर काळी सावली येते. ती दिसली की ‘पुन्हा काढा’ म्हणायला संकोच करू नका. प्रत्येक डोळ्याचे निदान दोन फोटो हवेत: एक चकती मधोमध धरून, एक पडद्याचा मधला भाग धरून. तंत्रज्ञाला हिरव्या उजेडातला काळा-पांढरा फोटोही काढता येत असेल तर जरूर मागा. त्यात तंतूंचा थर चांदीसारखा चमकतो आणि जिथे थर गेला तिथे चकतीपासून पाचरीसारखी काळपट पट्टी निघालेली दिसते.

बाहुली लहान असली की फोटो अंधारा येतो, म्हणून बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकतात. ते टाकण्याआधी डॉक्टरने किंवा नेत्रतंत्रज्ञाने डोळ्याचा पुढचा कोन पाहिला आहे ना, हे विचारा. ज्यांचा कोन अरुंद असतो त्यांना या थेंबांनी दाब एकदम चढण्याचा धोका असतो. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन डोळ्यात खुपतं. दुपट्टा, टोपी, गॉगल बरोबर ठेवा, आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवत परत येऊ नका. वाशिम-पुसद रस्त्यावर मार्च महिन्याच्या दुपारी मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी मोटारसायकल चालवणारा एक गृहस्थ मी पाहिला आहे. तो मीच होतो, मामांबरोबर हौसेने माझाही फोटो काढून घेतला होता. मामा मागे बसून ‘डावीकडं घे, डावीकडं’ सांगत होते.

आता फोटो हातात आला की काय पाहायचं. निदान करायला नाही, ते डॉक्टरचं काम. पण आपल्या सातबाऱ्यावर आपलं नाव बरोबर आहे का, एवढं तरी आपण पाहतोच. तांबूस-नारिंगी पार्श्वभूमीवर एका बाजूला उजळ पिवळसर चकती दिसते, तिच्यातून लाल शिरा फुटलेल्या. चकती नाकाच्या बाजूला असते, त्यामुळे उजव्या डोळ्याच्या फोटोत ती उजवीकडे आणि डाव्याच्या फोटोत डावीकडे. उलटं दिसलं तर नावाची चिठ्ठी चुकली असं समजा. अशी अदलाबदल एकदा आमच्या वाट्याला आली आहे आणि ती मामांच्या सुनेने पकडली. चकतीच्या आत फिकट पांढुरकी वाटी. वाटीची उभी उंची चकतीच्या उंचीच्या किती, हे गुणोत्तर अहवालात ०.३, ०.५ असं लिहितात. बहुतेकांत ते ०.३-०.४ च्या आसपास असतं. ०.७ च्या पुढे गेलं, किंवा दोन डोळ्यांत ०.२ हून जास्त फरक पडला, की डॉक्टर भुवया उंचावतात. निरोगी डोळ्यात खालची कड सगळ्यांत जाड असते, मग वरची, मग नाकाकडची, कानाकडची सगळ्यांत पातळ. हा क्रम मोडलेला असला, विशेषतः खालची कड एका जागी खाच पडल्यासारखी पातळ झाली असली, तर आकडा ०.५ असूनही शंका घ्यावी लागते. उलट काहींची चकती जन्मतःच मोठी असते आणि वाटीही मोठी; त्यांचं ०.७ आयुष्यभर ०.७ राहतं, इजा काहीच नसते. मोठ्या वावराला मोठी विहीर, इतकाच अर्थ. असा माणूस एकाच फोटोवरून काचबिंदूचा रोगी ठरून वर्षानुवर्षं थेंब टाकत बसू शकतो. त्यालाही औषध जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवणं हेच.

आणखी एक बारीक गोष्ट, फोटोशिवाय सहसा न सापडणारी: चकतीच्या काठावर केसाएवढी, ज्योतीसारखी रक्ताची रेघ. ती काही आठवड्यांत विरून जाते. तपासणीच्या दिवशी नजरेतून निसटली तरी फोटोत राहते, आणि ती दिसली म्हणजे धुरा तिथे कोरला जाण्याची शक्यता मोठी. मामांच्या चौथ्या फोटोत अशी रेघ होती. त्या वर्षी त्यांचा दाब १४ होता.

झेरॉक्सची गोष्ट इथेच सांगून टाकतो. मामांचा पहिला फोटो एका शिबिरात काढलेला, रंगीत कागदावर छापून दिलेला. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तो मागितला तेव्हा मामांनी कापडी पिशवीतून रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, खताची बिलं बाजूला करत एक लॅमिनेशन केलेला कागद काढला. फोटोची काळी-पांढरी झेरॉक्स. मूळ फोटो ओल लागून खराब होईल म्हणून त्यांनी झेरॉक्स काढून ती जपली होती, आणि मूळ कुठे ठेवला ते आठवत नव्हतं. झेरॉक्समध्ये चकती म्हणजे एक पांढरा भोपळा, वाटी नाही, कड नाही. डॉक्टर हसले नाहीत, ही त्यांची माया. ‘आजपासून सुरुवात समजू,’ म्हणाले. दोन वर्षांची मोजणी वाया गेली होती.

तेव्हापासून आमच्या घरात काही रीती पडल्या. फोटो काढला की छापील प्रतीबरोबर मूळ डिजिटल फाईल मागायची. यंत्राच्या पडद्याचा मोबाईलने फोटो काढून दिला तर तो घ्यायचा नाही. त्यावर चमक येते आणि रंग बदलतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर चित्र आक्रसतं आणि बारीक तंतू पुसले जातात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगायचं. फाईलच्या नावातच तारीख आणि उजवा-डावा लिहायचं. एक प्रत मुलाच्या फोनमध्ये, एक माझ्या ई-मेलमध्ये, छापील प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि पाकिटावर शाईने वर्ष. दाबाच्या यंत्राची चिठ्ठी गुळगुळीत कागदावर येते आणि उन्हाळा सरेपर्यंत कोरी होते. तिच्यावरचे आकडे त्याच दिवशी वहीत उतरवायचे. मोतीबिंदू असताना काढलेला फोटो धुक्यातल्यासारखा येतो, तेव्हा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की नवा फोटो काढून तोच पुढच्या तुलनेचा पाया धरायचा. शक्य असेल तर दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच जातीच्या यंत्रावर काढायचा. दोन वेगळ्या यंत्रांचे रंग जुळत नाहीत आणि निम्मा वेळ ‘हा फरक खरा की कॅमेऱ्याचा’ यात जातो.

शहरात गेलात तर फोटोबरोबर ओसीटी नावाची तपासणी सुचवतील. त्यात प्रकाशाच्या मदतीने तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. १९९१ मध्ये अमेरिकेत हे तंत्र पुढे आलं. अहवालात हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात आणि लोक सिग्नलसारखे वाचतात. तसं वाचू नका. ते रंग यंत्रात साठवलेल्या निरोगी लोकांच्या मापांशी तुलना करून येतात, आणि जोरदार मायनस नंबरचा चष्मा असलेल्या माणसाला आजार नसतानाही लाल दाखवू शकतात. उलट सुरुवातीच्या काचबिंदूत सगळं हिरवंही येतं. फोटो, ओसीटी, नजरेचा नकाशा, दाब, पापुद्र्याची जाडी आणि कोनाची तपासणी, हे सगळं मिळून पंचनामा होतो. फोटो इजा दाखवतो, ती कशाने झाली ते सांगत नाही. चकती पांढरी पडण्याला मेंदूतल्या गाठीपासून जुन्या माराच्या इजेपर्यंत दुसरी कारणंही असतात. पण साऱ्या तपासण्यांत स्वस्त, पटकन होणारी आणि गावापर्यंत येऊ शकणारी तपासणी फोटोचीच आहे, म्हणून माझा भर तिच्यावर.

एक गैरसमज मात्र वेळीच खोडायला हवा. शुगरच्या रुग्णांसाठी हल्ली पडद्याच्या फोटोची शिबिरं होतात आणि संगणक लगेच निकाल सांगतो. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी मोबाईल कॅमेरा आणि इंटरनेटशिवाय चालणारी संगणकप्रणाली वापरून केलेला असा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्याने काढलेले २१३ मधुमेहींचे फोटो तपासले होते. काम चांगलंच आहे आणि आपल्याकडे यायला हवं. पण ती प्रणाली मधुमेहाने पडद्यावर पडणारे डाग शोधायला शिकवलेली होती. काचबिंदू शोधणाऱ्या प्रणाली वेगळ्या आहेत. तेव्हा ‘पडदा ठीक आहे’ असा कागद मिळाला की एकच प्रश्न विचारायचा: ‘चकतीही पाहिली का?’ पाहिली नसेल तर फोटो तुमच्याकडे आहेच. तोच नेत्रतज्ज्ञाला दाखवायचा, नव्याने काढायला नको.

कुणी आधी जावं? चाळिशीनंतर प्रत्येकाने एकदा, आणि मग दर दोन वर्षांनी. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर दरवर्षी; सख्ख्या नात्यात धोका कितीतरी पटींनी वाढतो. मोठ्या मायनस नंबरवाले, मधुमेही, डोळ्याला कधी काडी, दगड, बैलाचं शिंग लागलेले, हेही त्याच रांगेत. आणि ज्यांनी स्टेरॉइडचे थेंब वापरले ते. डोळे आले किंवा खाजले की मेडिकलमधून मागच्या वेळची बाटली दाखवून नवी आणायची, ही आपल्याकडची सर्रास रीत. त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ती डॉक्टरने सांगितलेल्या दिवसांपलीकडे एक थेंबही चालवू नका. लालपणा लगेच जातो म्हणून ती आवडते. आत दाब चढत राहतो. लहान लेकरांनाही हे होतं.

अनसिंगहून जायचं तर वाशिमच्या जिल्हा रुग्णालयातल्या नेत्र विभागात आधी फोनने किंवा तिकडे जाणाऱ्याकडून विचारून घ्या, फोटोचं यंत्र कोणत्या दिवशी चालू असतं ते. पुढची तपासणी लागली तर अकोल्याचं किंवा यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारल्याशिवाय पैसे भरू नका. एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही आणि बायांना अर्धं, तेव्हा जायचा खर्च हे कारण फारसं उरलेलं नाही. खरं कारण हंगाम असतो. पेरणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत कुणी येत नाही हे मी मान्य केलं आहे. मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह असतो, तेव्हा शिबिरंही होतात आणि वावरंही मोकळी असतात. आमची तारीख तीच.

एक प्रकार मात्र मार्चची वाट पाहू देत नाही. डोळा एकाएकी लाल, ठणका, त्याच बाजूचं डोकं फुटल्यासारखं, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत कडी. घरात याला पित्त म्हणतात आणि गोळी देऊन अंधाऱ्या खोलीत निजवतात. हा कोन बंद झाल्याने एकदम चढलेला दाब असू शकतो. तासांच्या हिशेबाने नजर जाते. फोटोबिटो राहू द्या, त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या.

थेंब सुरू झाले की ते रोजचे असतात, बीपीच्या गोळीसारखे. टिमोलॉल असेल तर दमा किंवा हृदयाचे ठोके मंद असल्याचं डॉक्टरला आधी सांगा. थेंब टाकला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरा थेंब असेल तर पाच मिनिटं थांबायचं. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली थंड लागते आणि उघडलेलीही आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत उघड्यावर टिकत नाही. फ्रीज नसला तर मामी ती प्लॅस्टिकच्या डबीत घालून माठाच्या तिवईवर, ओल्या फडक्यात ठेवते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहिते आणि महिन्याने उरलेलं टाकून देते, जीव तुटला तरी.

यंदाच्या मार्चमध्ये डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर मामांचे सात फोटो ओळीने लावले. पहिल्या तिनांत खालची कड सरकत गेलेली, चौथ्यात ती रक्ताची रेघ, आणि औषध वाढवल्यानंतरच्या शेवटच्या तिनांत कड होती तिथेच. मामा चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिले. मग खुर्चीवरून उठले, दाराशी पिशवी धरून उभ्या असलेल्या, पंचेचाळिशीच्या मुलाला त्यांनी हाताने पुढे केलं आणि तंत्रज्ञाला म्हणाले, ‘भाऊ, याचा काढा आता. अन् फाईल मले द्या, झेरॉक्स नको.’